वळून बघणारी मुंगी



आज हप्ता, व्याज, ठराव यांतलं काही बोलायचं नाही. आज मुंगीबद्दल बोलायचं आहे. हसू नका. मुंगी आपली वाट कशी शोधते हे मी वाचायला घेतलं ते आमच्या गटातल्या एका काकूंमुळं. म्हणून आधी काकूंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगते आहे. "नाव तेवढं घेऊ नको, बाकी समदं सांग," म्हणाल्या.

काकू साठीच्या पुढच्या. गट सुरू झाला त्या दिवसापासून सभासद. आमच्या गटांच्या बायकांना बँकेत न्यायचं काम माझ्याकडं. दर महिन्याला मी जीप ठरवते, तिघी-चौघींना बसवते, बँकेत स्लिप मीच भरते, त्या सही नाहीतर अंगठा करतात, आणि आम्ही परत येतो. मागच्या पौषात मी तापानं आठ दिवस पडून होते आणि नेमका हप्त्याचा दिवस आला. काकू म्हणाल्या, "येवढी वर्षं जातीय की मी. एसटीनं जाते."

गेल्या. तालुक्याच्या स्टँडवर उतरून विचारत विचारत बँकेत पोचल्या, हप्ता भरला, पावती कनवटीला लावली. घोटाळा झाला तो परतताना. आमचा फाटा म्हणजे जुन्या दोन चिंचा. चिंचा दिसल्या की पिशव्या उचलायच्या, ही आमच्या गावाची पिढ्यान् पिढ्यांची सवय. रस्ता रुंद झाला तेव्हा त्या चिंचा गेल्या. गाडी खच्चून भरलेली, कंडक्टर नवा, बाहेर अंधारून आलेलं. काकू खिडकीतून चिंचा शोधत राहिल्या आणि फाटा मागं गेला. तीन थांबे पुढं उतरल्या. दुधाच्या गाडीवाल्यानं ओळखलं म्हणून रात्री नऊला घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या अंथरुणाशी येऊन बसल्या. पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चिंचा तोडल्यात हे मला काय ठाव नव्हतं व्हय? रोज बघते. पण नजर त्याच हुडकत हुती. मी पडले अडाणी. आता नाही जायची एकटी." पुढच्या बैठकीत आणखी दोघींनी तेच सांगितलं.

त्याच दिवसांत माझी सातवीतली लेक भिंतीवरची मुंग्यांची रांग बघत होती. तिनं विचारलं, "आई, ह्या एकीमागं एक जातात हे ठीक. पण पहिलीला वाट कोण दाखवतं?" मला सांगता येईना. मी बी.ए. मराठीची, विज्ञान दहावीपर्यंतचं. आपल्या रेडिओ केंद्रातल्या ताईंना विचारलं, त्यांनी वाचायला दिलं. वाचता वाचता मला सारख्या काकू आठवत होत्या.

आधी स्वयंपाकघरातली रांग घेऊ. एका मुंगीला गूळ सापडला की ती बिळाकडं परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत जाते आणि वासाचा माग ठेवते. दुसरी त्या वासावर येते, तिचा वास त्यात पडतो, आणि वाट पक्की होते. आपण ओल्या फडक्यानं ओटा पुसला की रांग मोडते, मुंग्या घोटाळतात, ते यामुळंच. हे आपल्याला साधारण माहीत असतं.

पण सगळी मदार वासावर नसते. युरोपातल्या बागांमध्ये एक काळी मुंगी असते, आपल्यासारख्याच वासाच्या वाटा करणारी. तिला प्रयोगात दोन फाटे असलेली वाट दिली. एका फाट्यावर ती आधी खाऊन आली होती. दुसऱ्या फाट्यावर तिच्याच बिळातल्या मुंग्यांचा वास होता. आता जायचं कुठं? २०११ साली छापून आलेल्या या प्रयोगात बहुतेक मुंग्या स्वतःच्या आठवणीच्या फाट्यानं गेल्या. म्हणजे मुंगीला आठवण असते, आणि ती तिच्यावर भरवसा ठेवते.

वासाचा माग जिथं कामाचा नाही अशा ठिकाणची मुंगी तर आणखी विलक्षण. आफ्रिकेच्या उत्तर टोकाला, भूमध्य समुद्राच्या काठी ट्युनिशिया नावाचा देश आहे. तिथं वाळवंट आहे, आणि मिठाची सपाट मैदानं आहेत, पालथ्या परातीसारखी. झाड नाही, झुडूप नाही. तिथं लांब पायांची एक मुंगी राहते. शास्त्रज्ञ तिला कॅटाग्लिफिस म्हणतात, आपण वाळवंटी मुंगी म्हणू. भर दुपारी, जमीन आपला पाय ठेववणार नाही इतकी तापलेली असताना, ती बाहेर पडते. उन्हानं मेलेला एखादा किडा इथं, एखादा तिथं, तो शोधून आणणं हे तिचं काम. तापलेल्या जमिनीवर वास टिकत नाही, आणि खाणंही एका जागी नसतं. त्यामुळं रांग नाही. प्रत्येक जण एकटी.

आणि ही कामकरी मुंगी मादीच असते बरं का. बाहेर पडणाऱ्या मुंग्या वारुळातल्या वयस्कर. तरुणपणी आतलं काम, उतारवयात उन्हातलं. एकदा बाहेरचं काम सुरू झालं की सरासरी सहा दिवसांचं आयुष्य तिच्या वाट्याला येतं. एवढ्या थोड्या दिवसांत वाट चुकून कसं चालेल?

ती जाताना वेडीवाकडी जाते, शोधत शोधत, शंभर मीटर, कधी त्याहून पुष्कळ लांब. किडा तोंडात आला की मात्र वळते आणि नाकासमोर सरळ घराकडं पळते. गेलेल्या वाटेनं नाही, सरळ रेषेत. हे कसं जमतं? रुडिगर वेनर नावाचे स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ १९६९ पासून वर्षानुवर्षं ट्युनिशियात जाऊन हेच बघत राहिले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जे शोधलं, ते आपल्या गटाच्या वहीच्या भाषेत सांगते.

आपण वहीत प्रत्येक जमा आणि प्रत्येक नावे लिहितो आणि शेवटच्या रकान्यात शिल्लक काढतो. शिल्लक बघायला मागची सगळी पानं उलटावी लागत नाहीत. मुंगीही असंच करते. इतकी पावलं या दिशेला, इतकी त्या दिशेला, असं मनात मांडत जाते आणि शेवटी तिच्याकडं एकच शिल्लक राहते: घर कुठल्या बाजूला आणि किती लांब.

दिशा ती सूर्यावरून ओळखते. हे फार पूर्वी, १९११ साली, ट्युनिशियातल्या कैरुआन गावात दवाखाना चालवणाऱ्या फेलिक्स सांतची या डॉक्टरांनी दाखवलं होतं. घरी निघालेल्या मुंगीवर त्यांनी सावली धरली आणि उलट्या बाजूनं आरशात सूर्य दाखवला. मुंगी वळली आणि उलट चालू लागली.

अंतर ती पावलांवरून ओळखते. २००६ साली छापून आलेला प्रयोग ऐकून माझी लेक हसून हसून लोळली. मुंग्यांना दहा मीटर अंतरावर खाऊ ठेवला. त्या खाऊपाशी पोचल्या की काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय थोडे आखूड केले. मग सोडलं. लांब पायांच्या मुंग्या पावलं तेवढीच टाकून पंधरा मीटरपर्यंत गेल्या आणि तिथं घर शोधू लागल्या. आखूड पायांच्या सहा मीटरच्या अलीकडंच थांबल्या. म्हणजे पावलांचा काहीतरी हिशेब तिच्याकडं आहे.

पण वहीचं दुखणं आपल्याला ठाऊक आहे. एक नोंद चुकली की पुढची सगळी शिल्लक चुकते. मुंगीचंही तसंच. जितकं लांब जाईल तितकी बारीक चूक साठत जाते. परत निघालेल्या मुंगीला उचलून दुसरीकडं नेऊन ठेवलं, तर ती ठरल्या दिशेला ठरलं अंतर बरोबर चालते आणि जिथं घर नाहीच तिथं घर शोधत बसते. म्हणून आपण काय करतो? वही पासबुकाशी ताडून बघतो. मुंगीचं पासबुक म्हणजे वाटेवरच्या खुणा.

खुणा ती कशा लक्षात ठेवते? वेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९७९ साली एक साधा प्रयोग मांडला. बिळाच्या दोन बाजूंना दोन काळे नळकांडे उभे केले. मुंग्यांना त्यांची सवय झाली. मग मुंग्यांना दुसऱ्या मैदानात नेलं. तिथं तसेच दोन नळकांडे, पण बीळ नाही. मुंग्या बरोबर मधोमध जाऊन बीळ शोधू लागल्या. मग नळकांड्यांमधलं अंतर दुप्पट केलं. आता मुंग्या मधोमध थांबेनात, एकेका नळकांड्याच्या जवळ घोटाळू लागल्या. मग नळकांडेही दुप्पट मोठे केले. मुंग्या परत मधोमध!

याचा अर्थ काय? मुंगी अंतर मोजत नव्हती. बिळाच्या तोंडाशी उभं राहिल्यावर नळकांडे डोळ्याला केवढे दिसतात, ते चित्र तिच्या मनात होतं. जिथून ते चित्र जुळेल तिथं ती जात होती. आपणही हे करतो. "देवळाचा कळस दोन बाभळींच्या बरोबर मधे दिसला की समज, तिथं आपली जुनी विहीर," असं माझे सासरे सांगायचे. कळसापासून विहीर किती फूट, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांना कधी लागलंही नाही.

आता तुम्ही म्हणाल, मुंगीची नजर फार तीक्ष्ण असणार. उलट आहे. रेडिओ ऐकत असाल तिथं एक करून बघा. हात समोर ताठ करा, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी उभे धरा. त्या दोन अंगठ्यांच्या मागं जेवढं झाकलं जातं, तेवढ्यात आपल्याला माणूस, त्याचा फेटा, हातातली काठी सगळं वेगळं दिसतं. मुंगीला तेवढी जागा म्हणजे साधारण एक ठिपका. वाळवंटी मुंगीच्या एका डोळ्यात हजाराच्या आसपास बारीक भिंगं असतात आणि प्रत्येक भिंगाचा एक ठिपका. सगळं चित्र पुसट. पण ते चित्र जवळजवळ चारी बाजूंचं असतं. मान न वळवता तिला पुढचंही दिसतं आणि मागचंही.

अशा पुसट नजरेला बारीक खूण काय कामाची? कामाची असते ती ठसठशीत गोष्ट: आभाळ आणि जमीन जिथं मिळतात ती कड. कुठं झाड उंच, कुठं झुडूप बुटकं, कुठं मोकळं. तिन्हीसांजेला डोंगराची आणि झाडांची काळी रेघ दिसते ना, तशी रेघ. ऑस्ट्रेलियात अॅलिस स्प्रिंग्ज गावाजवळच्या वाळवंटी मुंग्यांवर २००९ साली दोन शास्त्रज्ञांनी हे पारखलं. झाडझुडपांच्या रेघेचा जो चढउतार मुंगीला खाऊच्या जागेवरून दिसायचा, त्याच चढउताराची एक काळी भिंत त्यांनी दुसरीकडं गोल उभी केली. भिंतीत झाड नाही, पान नाही, नुसता चढउतार. मुंग्या त्या रेघेवरून घराची दिशा धरून चालू लागल्या. भिंत फिरवली तशी त्यांची दिशाही फिरली.

आता लेकीच्या प्रश्नाकडं येते. पहिलीला वाट कोण दाखवतं? कुणी नाही. ती शिकते. आणि शिकते कशी, ते मला सगळ्यात आवडलं.

पहिल्यांदा बाहेर पडणारी मुंगी खाणं शोधायला जातच नाही. बिळाच्या तोंडाशी हातभर अंतरात एक फेरी मारते आणि परत आत. मग जरा मोठी फेरी, परत आत. दोन-तीन दिवस हेच. खाणं आणत नाही, म्हणून तिला कुणी बोलतही नाही. ग्रीसमधल्या पाइनच्या जंगलात राहणाऱ्या मुंग्यांचं चित्रीकरण करून शास्त्रज्ञांनी या फेऱ्या बारकाईनं पाहिल्या. फेरी मारता मारता मुंगी गिरकी घेते, थांबते आणि बघते. सगळ्यात जास्त वेळ ती थांबते ती बिळाकडं तोंड करून. बीळ म्हणजे जमिनीतलं बारीक भोक, तेवढ्या अंतरावरून ते तिला दिसतही नसतं. मग घराकडं तोंड कसं वळवते? २०१८ साली कळलं की या फेऱ्यांत तिला पृथ्वीच्या चुंबकाचा आधार असतो. चुंबकाची दिशा प्रयोगात बदलली की मुंगी चुकीच्या बाजूला तोंड करून बघू लागते.

म्हणजे जाताना ती वळून बघते, कारण परत येताना जग कसं दिसेल ते तिला आधी पाहून ठेवायचं असतं. हे वाचलं आणि मला माझ्या सासूबाई आठवल्या. लग्नानंतर पहिल्यांदा मळ्यात नेताना म्हणाल्या होत्या, "सूनबाई, म्होरं बघत नको चालू नुसती. दर वळणाला मागं वळून बघ. जाताना दिसती ती वाट येगळी, येताना दिसती ती येगळी." आमच्या सासूबाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

या आठवणी राहतात कुठं? मुंगीचं डोकंच केवढं, त्यात मेंदू केवढा! पण त्या मेंदूत अळंबीच्या आकाराचा एक भाग असतो. २०२० साली छापून आलेल्या प्रयोगांत त्या भागाचं काम औषधानं थोडा वेळ थांबवलं, तर मुंग्यांना शिकलेली वाट वापरता येईना. चालणं होतं, दिसणं होतं, वाटेची आठवण मात्र हाताशी येत नव्हती.

आणखी एक गंमत. किडा फार मोठा असला तर मुंगीला तो तोंडात धरून उलटं चालत ओढावा लागतो. तोंड एकीकडं, घर दुसरीकडं. स्पेनमध्ये पाहिलं तर ती मधेच ओझं खाली टाकते, वळून समोर बघते, दिशा नीट करते, ओझं परत धरते आणि उलटी चालू लागते. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येताना आपण बांधावर भारा टेकवून जरा बघून घेतो, तशी.

आता काकूंच्या चिंचांकडं येते.

ऑस्ट्रेलियात कॅनबेरा शहराजवळ एक मोठी मुंगी आहे. ती तिन्हीसांजेला बिळातून निघते, ठरलेल्या झाडावर चढते आणि रात्री किंवा पहाटे परतते. अंधुक उजेडात तिला आधार असतो तो आजूबाजूच्या झाडांच्या आकारांचा. तिथल्या एका बिळाजवळची तीन वाळलेली झाडं तोडली गेली. मुंग्यांचं ठरलेलं झाड जागेवर होतं, बीळ जागेवर होतं. चित्रातून फक्त तीन झाडं गेली होती. २०१७ साली छापून आलेल्या या अभ्यासात दिसलं की वर्षानुवर्षांची वाट असूनही मुंग्यांची चाल मंदावली. सरळ जाणाऱ्या वाकड्या जाऊ लागल्या. थांबून थांबून इकडंतिकडं बघू लागल्या.

मी हे बैठकीत वाचून दाखवलं. काकू मांडी घालून ऐकत होत्या. मी म्हटलं, "काकू, त्या मुंग्या काय अडाणी होत्या? चित्रातलं झाड गेलं की जिची वाट पाठ आहे तीच जास्त चुकते. जिला वाट ठाऊकच नाही, तिचं काय चुकायचं?" काकू काही बोलल्या नाहीत. पण पदर सावरून जरा पुढं सरकल्या.

मग मी माझी चूक सांगितली. तुम्हालाही सांगते, कारण माझ्यासारख्या समन्वयक गावोगाव आहेत. इतकी वर्षं मी बायकांना जीपमधून नेलं. मागच्या सीटवर गप्पा मारत त्या गेल्या आणि गप्पा मारत आल्या. कुठल्या खिडकीवर पैसे भरायचे, स्लिप कुठं ठेवलेली असते, उतरायचं कुठं, हे बघायची वेळच मी त्यांच्यावर येऊ दिली नाही. मला वाटायचं, मी त्यांना बँकेत नेते आहे. खरं तर मी त्यांना उचलून नेऊन उचलून परत ठेवत होते. उचलून ठेवलेल्या मुंगीचं काय होतं, ते तुम्ही मघाशी ऐकलंच. काकू तर धीट म्हणून बँकेपर्यंत पोचल्या आणि हप्ता भरून आल्या. हे कौतुकाचं होतं, आणि त्या ते चूक म्हणून मनात धरून बसल्या होत्या.

म्हणून आम्ही मुंगीची रीत धरली. पहिल्या महिन्यात दोघी-दोघींनी एसटीनं फक्त तालुक्याच्या स्टँडपर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. काही काम नाही. दुसऱ्या महिन्यात बँकेच्या दारापर्यंत, आत जाऊन बाकावर बसून कोण कुठं काय करतं ते बघायचं, आणि परत. तिसऱ्या महिन्यात हप्ता. आणि प्रत्येक वेळी गाडीतून मागं वळून बघायचं. घरच्यांनी विचारलं, "काम नाही तर गेलीस कशाला?" तर सांगायचं, वाट शिकायला गेले होते. यावरून दोन घरांत कुरबुर झाली, नाही असं नाही. एकीची सासू म्हणाली, रिकामं फिरायला पैसे कुठनं येतात? तिच्या तिकिटाचे पैसे गटानं द्यायचे, असा ठराव केला. मघाशी म्हटलं होतं ठरावाचं बोलणार नाही, पण हा एक सांगावाच लागला.

खुणाही नव्या ठरवल्या. पाटी वाचता येत नाही अशा आमच्यात पाच जणी आहेत. त्यांनी ठरवलेल्या खुणा ऐका: पिवळी पाण्याची टाकी, मग मोबाईलचा मनोरा, मग खतांच्या दुकानाचा निळा पत्रा. निळा पत्रा गेला की पिशव्या उचलायच्या. काकूंनी त्यात एक सुचवलं. "एका खुणेवर राहायचं नाही. तीन धरायच्या. एक गेली तरी दोन उरतात." मुंगीसुद्धा सूर्य, पावलं आणि खुणा तिन्ही धरून चालते, हे मी त्यांना तोवर सांगितलेलं नव्हतं.

शेवटी एक राहिलं. ट्युनिशियातल्या त्या मिठाच्या मैदानात मधोमध बीळ असेल तर मुंगीनं खूण म्हणून काय धरायचं? चारी बाजूंनी सपाट. तिथल्या मुंग्यांच्या फेऱ्या दोन किलोमीटरपर्यंतच्या भरतात आणि पाचातली एक घरी परतत नाही. २०२३ साली जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की मैदानाच्या मधोमध राहणाऱ्या या मुंग्या बिळावर मातीचा उंच ढीग करतात. कडेला, जिथं झुडपं दिसतात, तिथल्यांचे ढीग बुटके. शास्त्रज्ञांनी मधल्या सोळा बिळांवरचे ढीग काढून टाकले. आठ बिळांशेजारी काळे नळकांडे उभे केले, आठ तशीच उघडी ठेवली. तीन दिवसांनी पाहिलं. नळकांडे होते तिथं आठांपैकी दोनच बिळांवर मुंग्यांनी परत ढीग घालायला घेतला होता. जिथं काहीच खूण नव्हती, तिथं आठांपैकी सात बिळांवर काम सुरू झालं होतं.

खूण नव्हती, म्हणून त्यांनी ती उभी केली.

हे वाचून दाखवल्यावर बैठक संपली असं मला वाटलं. काकू उठल्या नाहीत. म्हणाल्या, "चिंचेच्या बुंध्यापाशी तो मोठा धोंडा हाय की अजून. रस्तेवाल्यांनी कडंला लोटलाय." दुसऱ्या दिवशी सात-आठ जणी फाट्यावर गेल्या. धोंडा रस्त्यापासून लांब, नीट दिसेल असा सरळ केला आणि त्याला चुना फासला. चुना दोन घरांतून आला, कुंचा काकूंचा. शेजारी एक चिंचेचं रोप लावलं आहे. ते मोठं व्हायला पुष्कळ वर्षं लागतील, तोवर पाणी घालायची पाळी लावली आहे. धोंडा मात्र आत्ताच दिसतो. रात्री गाडीच्या उजेडात तर लांबूनच पांढरा दिसतो.

मागच्या हप्त्याला काकू एसटीनं एकट्या जाऊन आल्या. मी फाट्यावर थांबले होते, उगाचच. गाडी थांबायच्या आधीच त्या पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

मैत्रिणींनो, तुमच्या फाट्याची खूण कोणती, आणि ती अजून जागेवर आहे का, ते बघून ठेवा. पुढच्या भाषणात गटाच्या वहीतली शिल्लक कशी ताडून बघायची ते सांगेन.